कन्व्हर्टिबलचे ब्लाइंड स्पॉट: टप बंद असतानाची गाडी आधी ओळखा

टप उघडा असला की कन्व्हर्टिबलमधून, म्हणजे छत उघडता-लावता येणाऱ्या मोटारीतून, आजूबाजूचं जेवढं दिसतं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच मोटारीतून दिसत नाही. तोच टप लावला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांत कापडाच्या भिंती उभ्या राहतात आणि मागची काच वीतभर उंचीची होऊन बसते. म्हणजे गाडी एक, पण नजरेच्या हिशेबाने दोन. नव्या चालकाची गफलत इथेच होते. आरसे, मान वळवायची सवय, अंतराचा अंदाज हे सगळं उघड्या टपावर बसलेलं असतं. मग पाऊस येतो, टप लागतो, आणि बाकी काहीच न बदलता गाडी पुढे निघते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे: सगळी जुळणी बंद टपावर करा. बंद टपात नीट दिसायला लागलं की उघड्या टपात थोडंच सांभाळावं लागतं. ते काय, हेही खाली येईलच.

स्टिअरिंग कुठे आहे त्यावर उजवं-डावं बदलतं, म्हणून या लेखात ‘ड्रायव्हरची बाजू’ आणि ‘पलीकडची बाजू’ असंच लिहिलं आहे.

हाताशी काय हवं

- गाडीचं मॅन्युअल (टप, आरशांची मेमरी आणि सेन्सर यांची पानं आधीच काढून ठेवा)
- एक मदतनीस
- रिकामं, सपाट आवार आणि खडू
- काच पुसायचं द्रावण आणि दोन मायक्रोफायबर फडकी. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर प्लॅस्टिकसाठीचं वेगळं पॉलिश
- हवे असतील तर चिकटवायचे छोटे बहिर्वक्र आरसे (आत्ताच घेऊ नका, टप्पा ५ वाचा)

## १. कुठे दिसत नाही ते समजून घ्या

नेहमीच्या मोटारीत ब्लाइंड स्पॉट (आरशातही आणि नजरेतही न येणारी जागा) म्हटलं की शेजारच्या लेनमधला, आपल्या खांद्याच्या जरा मागचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. कन्व्हर्टिबलमध्ये तो असतोच, शिवाय आणखी तीन असतात.

पहिला मागच्या कोपऱ्यांचा. नेहमीच्या गाडीत मागच्या दाराची काच आणि तिच्यामागची छोटी काच असते. कापडी टपात त्या जागी बहुतेक वेळा नुसतं कापड असतं. हा त्रास जुना आहे. फोर्ड थंडरबर्डच्या १९५५च्या मॉडेलला जे सुटं कडक छत मिळायचं, त्याच्या मागच्या बाजूंतून काहीच दिसत नसे. १९५६मध्ये कंपनीने त्या छताला दोन्ही बाजूंनी जहाजाला असतात तशा गोल खिडक्या देऊ केल्या. आज त्या खिडक्या त्या गाडीची ओळख झाल्या आहेत, पण त्या आल्या मागचं दिसावं म्हणून.

दुसरा पुढच्या काचेच्या खांबांचा. गाडी उलटली तर वर छत नाही, त्यामुळे काचेची चौकट भक्कम करावी लागते. खांब जाड होतात आणि काच तिरपी असल्याने डोळ्यांच्या जवळही येतात. एखादा पादचारी किंवा अख्खी मोटरसायकल त्यांच्याआड मावते.

तिसरा डिकीच्या मागे, खालच्या बाजूला. टप उघडा असताना त्याची घडी कुठे बसते यावर हा अवलंबून आहे. काही गाड्यांत घडी झाकणाखाली सपाट जाते. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या कन्व्हर्टिबलमध्ये ती मागे चांगली उंच उभी राहायची. तुमच्या गाडीत टप उघडल्यावर मागचं जवळचं आणि खालचं उलट कमी दिसत असेल तर कारण हेच.

धातूचं घडीचं छत असलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. त्या छताचे मागचे खांबसुद्धा रुंद असतात.

## २. आरशांना हात लावण्याआधी सीट

आरसे डोळ्यांच्या जागेवरून लावायचे असतात आणि डोळे कुठे येतील ते सीट ठरवते. कन्व्हर्टिबलमध्ये लोक सीट फार मागे आणि फार आडवी टाकून बसतात. रुबाब वाढतो, पण खांदा दाराच्या काचेच्या मागच्या कडेपलीकडे जातो आणि मान वळवली की समोर थेट कापड येतं. पाठ जरा सरळ करा आणि पाय नीट पोचतील एवढी सीट पुढे घ्या. एवढ्यानेच बाजूच्या काचेतून दिसणारा कोन वाढतो.

उंचीचं गणित मात्र दुहेरी आहे. सीट वर घेतली की मागचं आणि बॉनेटपुढचं जास्त दिसतं, पण उंच माणसाच्या डोळ्यांसमोर पुढच्या काचेची वरची कड येते आणि सिग्नलखाली थांबलं की दिवाच दिसत नाही. दिसणं आणि टपाला डोकं न लागणं या दोन्हींचा मेळ बसेल तिथे थांबा. उंच असाल तर सिग्नलला थांबण्याच्या रेषेपासून थोडं मागेच उभं राहायची सवय लावा.

मागच्या रिकाम्या सीटचे हेडरेस्ट खाली सरकत असतील तर सरकवा. उपटून मात्र काढू नका. अनेक गाड्यांत त्यांच्या आत किंवा मागे गाडी उलटताना वर येऊन डोकं वाचवणारे भक्कम दांडे (रोल बार) असतात, म्हणून आधी मॅन्युअल बघा.

## ३. खडूने नकाशा काढा

हा टप्पा बहुतेक जण टाळतात. माझ्या मते संपूर्ण लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, कारण हाच कुठल्याही पुस्तकात तयार मिळत नाही. प्रत्येक गाडीचा आणि प्रत्येक उंचीच्या चालकाचा नकाशा वेगळा.

रिकाम्या आवारात गाडी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक वर, टप लावलेला. नेहमी बसता तसे बसा. मदतनीसाला गाडीच्या मागे पंधरा-वीस मीटरवर उभं करा आणि शेजारच्या लेनमधून एखादी गाडी यावी तसं, तुमच्या गाडीच्या बाजूपासून दीड-दोन मीटर अंतर ठेवून सावकाश पुढे चालायला सांगा. तुम्ही फक्त आवाज द्या: आतल्या आरशातून गेला, बाजूच्या आरशात आला, तिथून गेला, डोळ्याच्या कोपऱ्यात आला. प्रत्येक हाकेला त्याने जमिनीवर खूण करायची.

‘गेला’ आणि ‘आला’ यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे तुमचा ब्लाइंड स्पॉट. दोन्ही बाजूंना करा. पलीकडच्या बाजूचा पट्टा सहसा मोठा निघतो.

मग त्याला डिकीमागे उकिडवं बसवा आणि हळूहळू लांब सरकायला सांगा. डोकं मागच्या काचेत कधी दिसतं तिथे खूण करा. लहान मूल किती अंतरापर्यंत अजिबात दिसणार नाही, ते ही खूण सांगते. आकडा बघून दचकायला होतं.

शेवटी टप उघडून हे सगळं पुन्हा करा, दुसऱ्या रंगाच्या खडूने. दोन रंगांतला फरक एकदा जमिनीवर पाहिला की पावसात टप लावल्यावर काय गमावलं ते वेगळं आठवावं लागत नाही.

## ४. आरसे: बाहेर वळवा, पण शेवटपर्यंत नाही

बरेच जण बाजूच्या आरशांत आपल्याच गाडीची अर्धी बाजू दिसेल असे आरसे लावतात. त्यातून जे दिसतं ते आतल्या आरशातही दिसतच असतं. १९९५मध्ये जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने आरशांच्या भूमितीवर शोधनिबंध मांडला आणि आरसे पुष्कळ बाहेर वळवण्याची पद्धत सुचवली. ती अशी:

- ड्रायव्हरच्या बाजूसाठी डोकं बाजूच्या काचेला टेकवा. त्या स्थितीत गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. (टप उघडा असला तरी काच वर करून घ्या, म्हणजे डोकं कुठवर न्यायचं ते कळतं.)
- पलीकडच्या आरशासाठी डोकं गाडीच्या मध्यावर आणा आणि तसंच करा.
- सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत आपली गाडी दिसता कामा नये.

नेहमीच्या गाडीत ही पद्धत छान चालते. मागून येणारं वाहन आतल्या आरशातून बाजूच्या आरशात येतं आणि तिथून थेट डोळ्याच्या कोपऱ्यात, मध्ये कुठे हरवत नाही. पण यात एक गोष्ट गृहीत आहे: आतल्या आरशात मागची रुंद काच दिसते. टप लावलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये ती काच अरुंद असते. शेजारच्या लेनमधलं वाहन आतल्या आरशातून लवकर नाहीसं होतं, आणि बाहेर वळवलेल्या आरशात यायला अजून वेळ असतो. जवळचा ब्लाइंड स्पॉट मिटवताना जरा मागे दुसरा तयार होतो.

म्हणून प्लॅट्झरच्या स्थितीपासून सुरुवात करा आणि आरसा थोडा-थोडा आत आणा. टप्पा ३ मधला मदतनीस पुन्हा चालवा. तो आतल्या आरशातून जाण्याआधीच बाजूच्या आरशात दिसू लागला की थांबा. सरळ बसल्यावर गाडीची अगदी बारीक कड दिसत असेल तर हरकत नाही. जवळचा जो पट्टा उरेल, तो मान वळवून किंवा छोट्या आरशाने भरून काढायचा.

सीट आणि आरशांना मेमरीची बटणं असतील तर एकावर बंद टपाची आणि दुसऱ्यावर उघड्या टपाची जुळणी ठेवा. बटणं नसतील तर बंद टपाचीच कायम ठेवा. उघड्या टपात तिने काहीही बिघडत नाही.

## ५. छोटे आरसे, रुंद आरसे आणि सेन्सर

चिकटवायचा छोटा बहिर्वक्र आरसा स्वस्तात मिळतो आणि कामाचा असतो. तो मोठ्या आरशाच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावा आणि लावण्याआधी खडूच्या खुणांवर तपासा. त्यात सगळं लहान आणि दूर दिसतं. कुणी आहे की नाही, एवढंच त्याला विचारा. किती लांब आहे ते मोठ्या आरशाला विचारा.

मोठे आरसेसुद्धा सगळीकडे सारखे नसतात. अमेरिकेच्या नियमांत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट असतो, पलीकडचा बहिर्वक्र चालतो. युरोपात दोन्ही बाजूंना बहिर्वक्र चालतात आणि पुष्कळ आरशांच्या बाहेरच्या पट्ट्यात बाक वाढत जातो, तिथे एक बारीक उभी रेघ असते. दुसऱ्या देशातून आलेली जुनी गाडी घेतली असेल तर एकाच वाहनाचं अंतर दोन आरशांत वेगवेगळं भासू शकतं. हा डोळ्यांचा दोष नाही.

आतल्या आरशावर बसवायच्या लांबलचक रुंद आरशावर पैसे घालू नका. टप लावलेला असताना अडचण आरशाच्या रुंदीची नसते, मागच्या काचेच्या रुंदीची असते. रुंद आरशात तुम्हाला जास्तीचं कापड दिसेल, एवढंच.

ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारी यंत्रणा मात्र या गाड्यांना विशेष मानवते. तिचे रडार सहसा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात, त्यांना टप उघडा की बंद याने फरक पडत नाही. चिखल, बर्फ आणि बंपरवरचे स्टिकर यांनी मात्र पडतो. फार वेगाने मागून येणाऱ्या वाहनाची सूचना उशिरा मिळू शकते. शिवाय टप उघडा असताना भर उन्हात आरशातला इशाऱ्याचा छोटा दिवा उजळला तरी लक्षात येत नाही. दिव्याची तीव्रता वाढवायची सोय आहे का ते बघा.

## ६. मागची काच

काच आधीच लहान, त्यात कापडी टपावर वायपर नसतो. त्यामुळे ती स्वच्छ ठेवणं हे रोजचं काम समजा.

काचेची असेल तर पाणी न टिकू देणारं लेपन आणि आतून गरम तारा, बस्स. जुन्या गाड्यांत मात्र ही खिडकी प्लॅस्टिकची असते. माझदा एमएक्स-५च्या १९८९च्या पहिल्या पिढीत तशी होती, १९९८च्या दुसऱ्या पिढीपासून काच आली. प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं, घासून धुरकट होतं आणि कडाक्याच्या थंडीत घडी घातली तर तडकतं. कोरडं फडकं कधीच फिरवू नका. आधी पाण्याने धूळ जाऊ द्या, मग ओलं मऊ फडकं, मग प्लॅस्टिकचं पॉलिश. खिडकीला चेन (झिप) असेल तर टप खाली करण्याआधी ती उघडून खिडकी मोकळी करा. पॉलिश करूनही मागच्या गाडीचे दिवे पसरट दिसत असतील तर खिडकी बदलायची वेळ झाली आहे, ढकलत नेऊ नका.

## ७. लेन बदलताना

क्रम असा: आतला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, थांबा, मग पुढे झुकून पुन्हा बाजूचा आरसा, मग खांद्याकडे एक नजर, मग स्टिअरिंग.

‘पुढे झुकून’ हा भाग नेहमीच्या गाडीत कुणी शिकवत नाही. डोकं वीतभर पुढे नेलं की आरशातला कोन बाहेरच्या बाजूला सरकतो आणि लपलेल्या पट्ट्याचा मोठा भाग दिसतो. टप लावलेला असताना ही हालचाल मान मागे वळवण्यापेक्षा जास्त दाखवते.

खांद्याकडची नजर म्हणजे हनुवटी खांद्यापर्यंत, त्याहून मागे नाही. मागे कापडच आहे. ताशी १०० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, तेव्हा कापडाकडे बघण्यात सेकंद घालवणं महागात पडतं. दाराच्या काचेतून जेवढं दिसतं तेवढं टिपा आणि नजर पुढे आणा. इंडिकेटर नेहमीपेक्षा लवकर द्या. तुम्हाला न दिसलेला माणूस तो बघून स्वतः सावध होतो.

उलट बाजूही आहे. ही गाडी बुटकी. ट्रकच्या शेजारी ती चालकाच्या नजरेखाली पूर्ण बुडते. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. समांतर चालत राहू नका, पुढे जा किंवा मागे राहा.

## ८. तिरकस फाटा: सगळ्यात वाईट जागा

तिरक्या कोनात मोठ्या रस्त्याला मिळणारा फाटा, त्यात टप लावलेला, त्यात पाऊस. येणारी वाहनं नेमकी मागच्या कोपऱ्यातून येतात आणि तिथे कापड आहे. पलीकडच्या बाजूने येत असतील तर मधे सोबत बसलेला माणूससुद्धा आहे.

उपाय आधीच करायचा असतो. जागा असेल तर थांबताना गाडी शक्य तितकी काटकोनात उभी करा, म्हणजे येणारी वाहनं मागच्या कोपऱ्याऐवजी दाराच्या काचेत येतात. मागच्या गाडीला वाटतं तुम्ही उगाच तोंड वळवून थांबलात. वाटू द्या. वाहतुकीत चालत्या गाडीने मिसळायची जागा असेल तर फाट्यावर असतानाच, कोन तिरका होण्याआधी, मोठ्या रस्त्यावर काय येतंय ते बघायला लागा. सोबत्याला मागे टेकून बसायला सांगा. ‘येतंय का?’ हे त्याला विचारायचं की नाही ते सोबती बघून ठरवा. गाडी न चालवणाऱ्याचं ‘नाही’ फार उदार असतं.

## ९. पुढचा खांब

चौकात तुम्ही आणि बाजूने येणारी सायकल अशा वेगाने पुढे सरकत असाल की तुमच्या नजरेतला तिचा कोन बदलत नाही, तर ती सबंध वेळ खांबाआडच राहते. आणि कोन बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली असते. डोळे कितीही मोठे केले तरी उपयोग नाही, डोकं हलवावं लागतं. चौक, गोल चक्कर आणि पादचारी पट्टी येताना एकदा पुढे, एकदा बाजूला. ड्रायव्हरच्या बाजूचा खांब डोळ्यांना जवळ, म्हणून तो जास्त झाकतो. खांबाला लागून फोनचा स्टँड लावणं म्हणजे खांब आणखी रुंद करणं.

## १०. टप उघडा असताना

इथे अडचणी बारीक आहेत.

विंड डिफ्लेक्टरची (सीटमागे वारा अडवायला लावतात त्या पडद्याची) जाळी आतल्या आरशाच्या वाटेत येते. काळ्या जाळीतून बरं दिसतं, फिक्या जाळीवर ऊन पडलं की पांढरा पडदाच होतो. जाळीऐवजी डिफ्लेक्टर पारदर्शक असेल आणि त्यावर चरे पडले तर रात्री मागच्या गाड्यांचे दिवे पसरट दिसतात. गावातल्या वेगात त्याची गरज नसते, आडवा करून ठेवा.

वेगात आतला आरसा थरथरतो, कारण छताविना गाडीचा सांगाडा थोडा पिळवटतो. थरथरत्या आरशात मोटरसायकलचा एक दिवा लवकर ओळखू येत नाही. अशा वेळी बाजूच्या आरशांवर भिस्त ठेवा.

रुंद काड्यांचा गॉगल डोळ्याचा कोपरा झाकतो, आणि तोच कोपरा तर टप्पा ४ मध्ये हिशेबात धरला आहे. बारीक काडीचा घ्या. पोलराइज्ड काचांमधून काही स्क्रीन काळपट दिसतात, रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन त्यातून एकदा बघून ठेवा. लांब केस बांधा.

कानांवर विसंबू नका. हळू चालताना आजूबाजूचं सगळं ऐकू येतं आणि तेवढ्यावर विश्वास बसतो. वेग वाढला की वाऱ्याच्या आवाजात मोटरसायकलही बुडते.

## ११. मागे घेताना

शक्य तिथे गाडी मागून आत लावा, म्हणजे निघताना तोंड पुढे राहतं. अंधाऱ्या, गर्दीच्या जागेतून टप लावून मागे येणं टाळण्यासारखंच आहे. अमेरिकेत मे २०१८पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, त्यामुळे नव्या गाड्यांत तो सहसा असतो. त्याची भिंग बंपरजवळ असल्याने पहिल्याच पावसात चिखलते, निघण्याआधी बोटाने पुसा. कॅमेरा मागचं दाखवतो, बाजूने आडवं येणारं उशिरा दाखवतो. जुन्या गाडीत कॅमेरा नसेल आणि हवा बरी असेल तर सरळ टप उघडा, गाडी मागे घ्या आणि पुन्हा लावा. लोक हसतील.

## १२. गाडी अजून घेतली नसेल तर

चाचणीला जाल तेव्हा विक्रेता टप उघडूनच गाडी पुढे आणेल. तुम्ही तो लावायला सांगा आणि निम्मी चाचणी तशीच करा: एक लेन बदलणं, एक तिरकस फाटा, एक रिव्हर्स. दोन मॉडेलांत मन अडकलं असेल तर मागच्या काचेची रुंदी, दाराची काच खांद्याच्या किती मागे जाते, आणि टपाची घडी डिकीच्या वर किती राहते, या तीन गोष्टी मोजपट्टीने मोजा. जुनी गाडी असेल तर मागची खिडकी काच की प्लॅस्टिक ते बघा, आणि सुटं कडक छत सोबत मिळत असेल तर त्याला बाजूच्या खिडक्या आहेत का तेही.